रिकामी सुपं

जवळ सरक गं पोरी. वाचता वाचता का होईना, जरा जवळ सरक. दिवाळीला येते म्हणालीस, आली नाहीस. संक्रांतीला नक्की म्हणालीस, तर डब्यातला तिळगूळ दगड होऊन बसला आणि शेवटी मीच तो वाटीनं कुटून खाल्ला. आणि मग एके दिवशी सकाळी, तवा चुलीवर असताना, फोन करून काय विचारतेस? तर कॉलेजात लिहायला दिलंय म्हणे, देशाबाहेरच्या लढायांचा आणि देशातल्या धुसफुशीचा काय संबंध असतो. आजी, पासष्टच्या लढाईत आपल्या गावात काही झालं होतं का? अशी गोष्ट फोनवर विचारतात का गं? मी म्हणाले, आपल्या गावात काय होतंय, लढाई तिकडं पंजाबात. फोन ठेवला आणि भाकरी करपून काळी होईस्तवर तव्याकडं बघत उभी राहिले.

म्हणून आता लिहिते. अक्षर लावून घे. शाळेची पायरी मी चढलेली नाही. दुकानातनं गूळ बांधून यायचा त्या कागदांवर बोट फिरवून शिकले. त्यामुळं माझ्या लिहिण्याला गुळाचा वास येतो असं तुझे धाकटे आजोबा, म्हणजे आमचे हे, म्हणायचे. ह्या कागदाला मात्र येणार नाही.

तुझी सख्खी आजी ही माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणायची. तिचा नवरा, म्हणजे तुझे आजोबा, फौजेत होते. अख्ख्या गावातनं फौजेत गेलेले ते एकटेच. गाव आपलं वाशी आणि भूमच्या मधलं, पावसाळ्यात एसटी फाट्यावरच उतरवायची आणि पुढं चिखल तुडवत यायचं. पण त्या साली चिखलही नव्हता. मृग कोरडा गेला, पुढची नक्षत्रंही वारा खाऊन गेली. तुझा बाप तेव्हा अक्काच्या पोटात होता, हे ध्यानात ठेव. पुढं लागेल.

धान्याची पेवं तळाला गेली होती. सगळ्यांचा जीव स्वस्त धान्याच्या दुकानावर. दुकानदार नात्यानं माझे चुलत सासरे. गोड बोलणारा माणूस, पोरीबाळींना बाई म्हटल्याशिवाय हाक मारायचा नाही. पोतं घेऊन गेलं की म्हणायचा, बाई गं, वरूनच आलं नाही तर मी काय माझं काळीज मापून देऊ? आणि उजाडायच्या आत त्याची बैलगाडी पोती भरून बार्शीच्या वाटेला लागलेली असायची. हे आंधळ्यालाही ठाऊक होतं, चाकं वाजायची ना. पण ठाऊक असणं वेगळं आणि बोलणं वेगळं. त्याच्या तोंडावर बोललं तर पुढच्या वेळी आपल्याच घरचं पोतं रिकामं यायचं.

आता चाचीचं सांगते. चाची म्हणजे आमची मणियारीण, बांगड्या भरणारी. गावाच्या खालच्या अंगाला तिचं मातीचं घर. अंगानं बारीक, डोक्यावर हारा घेऊन पाच-सहा गावं पायी फिरायची. लेकी-सुनांचे हात तिनंच भरायचे, दुसऱ्या कुणी नाही. हा रिवाज आमच्या सासूबाईंच्याही सासूपासूनचा. तिचे स्वतःचे हात मोकळे. नवरा, निजाम गेला त्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, शेताकडं गेला तो परत आला नाही. कुणी मारला, कुठं टाकला, कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. त्या दिवसांत माणसं दारोदार शोधत फिरत होती, तेव्हा आमच्या सासूबाईंनी चाचीला कडब्याच्या गंजीत लपवलं होतं. स्वतः गंजीपुढं पाय पसरून ज्वारी पाखडत बसल्या, आणि आलेल्या माणसांना म्हणाल्या, गंजी उपसायची तर आधी मला उपसा. ही गोष्ट सासूबाई स्वतः सांगायच्या नाहीत, चाची सांगायची. प्रत्येक नव्या सुनेचा हात भरताना सांगायची. मलाही सांगितली. सासूबाईंना ती भाबी म्हणायची.

बांगड्या भरताना बाई काय काय बोलते ते तुला कळायचं नाही, तू दुकानातनं घेऊन स्वतःच चढवतेस. हात दुसऱ्याच्या हातात असला, बोटं दाबून दाबून काच वर चढत असली, की दुखणं विसरायला बाई बोलत सुटते. नवऱ्याचं, सासूचं, पोटातलं, सगळं. चाचीला अख्ख्या मुलखाचं ठाऊक असायचं, आणि ह्या गावचं त्या गावाला, माहेरचा निरोप सासरला, तीच पोचवायची. टपालवाल्याच्या आधी तिच्या येण्याकडं बायांचे डोळे.

त्या साली महालक्ष्म्यांच्या, म्हणजे तुमच्या गौरींच्या, आधी ती आमच्या ओसरीवर बसली. गल्लीतल्या बाया जमल्या. एकीचा हात धरला, दाबला, सोडला. दुसरीचा धरला. मग हाऱ्यात खालीवर करत बसली.

"क्या गे मा," म्हणाली, "अडीचची काढते तर ढिल्ली होती. सगळ्यांना सव्वादोनची बसायलीय."

एकजण हसून म्हणाली, चाची, तुझ्याच बांगड्या मोठ्या झाल्या असतील.

"काच वाढत न्हाई गे," चाची म्हणाली. "हात आटलेत."

हसणारीनं आपलं मनगट चाचपलं. चाची म्हणाली, तुमच्याच गावात असं नाही, वरच्या गावात तर पोरींची मापं म्हाताऱ्यांना येतायत. आणि सांगितलं की तिकडच्या बाया भूमच्या कचेरीवर निघायच्या बेतात आहेत. बाजारच्या दिवशी, सुपं घेऊन. रिकामी सुपं साहेबाच्या दारात वाजवायची.

तुला सुपाचं ठाऊक आहे का? लक्ष्मीपूजन झालं की पहाटे घरातली बाई पालथं सूप काठीनं बडवत कोपऱ्या-कोपऱ्यातनं फिरते आणि अवदसेला दाराबाहेर काढते. आता घरात अवदसाच अवदसा, मग दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं, असा तो बेत. बायांना लई पटला. आमच्या सासूबाईंनी तर माळ्यावरचं जुनं मोठं सूप काढून शेणानं सारवलं आणि उन्हात ठेवलं. माळ्यांच्या आळीतली एक विधवा होती, तोंडाची फटकळ, ती म्हणाली, साहेबाच्या दारात कशाला, आधी आपल्या दुकानाच्या दारात वाजवू, पाय तरी दुखायचे नाहीत. सगळ्या खिदळल्या. ते खिदळणं दुकानदाराच्या घरापर्यंत गेलं असणार. चाची पुढच्या गावाला गेली आणि जाताना निरोप घेऊन गेली: महालक्ष्म्या उठल्या की आमचंही गाव निघणार.

महालक्ष्म्या उठल्या, आणि लढाई आली.

चावडीत पंचायतीचा रेडिओ होता. एरवी त्याच्यावर चिमण्या बसायच्या. आता तिथं उभं राहायला जागा मिळेना. कुठं रणगाडे, कुठं विमानं, आमच्या बापजन्मी न ऐकलेली गावं. तुझे आजोबा तिकडंच कुठंतरी होते. सासूबाई चावडीच्या भिंतीला बाहेरनं कान लावून उभ्या राहायच्या आणि घरी येऊन मला विचारायच्या, काय म्हणाला गं तो? अक्का काही विचारायची नाही. पोटावर हात ठेवून बसायची.

दुकानदार पुढारी झाला तो त्या आठवड्यात. शहरात म्हणे दिवे झाकायचा हुकूम निघालाय, मग आपणही झाकायचे. गावात वीज नव्हती. कंदिलाच्या काचांना काजळ फासायला लावलं. तुझे धाकटे आजोबा म्हणाले, विमानाला आपलं गाव दिसत असतं तर सरकारला आधी दिसलं असतं. पण ते मला म्हणाले, हळू आवाजात. मोठ्यानं थट्टा करायचे दिवस राहिले नव्हते.

एका दुपारी दुकानदार आमच्या ओसरीवर आला. मी आतनं चहा दिला, गुळाचा. सारवलेलं सूप भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, त्याच्याकडं बघत बघत प्याला. मग सासूबाईंना म्हणाला, "वहिनी, पोरगं तिकडं छातीवर गोळी झेलायला उभं, आणि आई इकडं त्याच्याच सरकारवर सूप वाजवणार? हे डोकं तुमचं न्हाई. हे तुमच्या डोक्यात घातलं कुणी?"

सासूबाईंची नजर सुपावर गेली.

तो पुढं हळू हळू बोलत राहिला. गावोगाव फिरते कोण? घराघरात मांडी घालून बसते कोण? पोरगं कुठं आहे, कुठल्या तुकडीत आहे, कुठल्या स्टेशनावर उतरलं, हे बाहेरच्या कुणाकुणाला ठाऊक आहे, आठवा जरा. आवाज चढवला नाही त्यानं. नाव घेतलं नाही. चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेला.

आणि ठाऊक होतंच ना चाचीला. अक्कानंच सांगितलं होतं, हात भरताना. सगळ्याच सगळं सांगायच्या.

दोन दिवसांत गल्लीचं तोंड फिरलं. मी डोळ्यांनी बघितलंय पोरी, म्हणून सांगते, ते कसं फिरतं. कुणी मोठ्यानं काही म्हणत नाही. आडावर एक म्हणते, मी तर काहीच म्हणत नाही बाई, पण तिचा नवरा तसाच गेला, तिच्या मनात राग असणारच. दुसरी म्हणते, तिच्या नात्यातले कुणी तिकडं गेलेत म्हणे. तिसरी घागर भरायची थांबते आणि म्हणते, आपल्या हातातल्या बांगड्या तिच्याच. इतकंच. मग सगळ्या आपापल्या हाताकडं बघतात.

बांगड्यांचं बोलणं दुकानदाराच्या बायकोनं उचललं. गावचं पोरगं तिकडं लढतंय आणि आपण तिच्या हातचा चुडा घालून देवीपुढं त्याचं रक्षण मागायचं, कसं ऐकेल देवी? घट बसायच्या आत हे हातातनं गेलं पाहिजे. पण जायचं कसं? सवाशिणीनं बांगडी फोडायची म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. बांगडी फुटली असंही आपण म्हणत नाही, वाढवली म्हणतो. अख्ख्या गावानं एका दिवशी बांगड्या फोडल्या, तेही लढाई चालू असताना, तर तो अपशकुन कुणाच्या कुंकवावर जाईल? बाया घाबरल्या. तेव्हा जी तोड निघाली ती आपल्याच माणसांना सुचू शकते. जिनं भरल्या तिनंच काढायच्या. अख्ख्या काढायच्या, एकही फुटता कामा नये.

कोतवालाला पाठवून तिला मारुतीच्या पारावर बोलावलं. ती आदल्या संध्याकाळीच फिरतीवरनं आली होती, तिच्या कानावर काही नव्हतं. हारा डोक्यावर घेऊनच आली. एवढ्या बाया बघून तिचं तोंड फुललं. म्हणाली, कुणाचं लगीन काढलं गे, मला न सांगता?

दुकानदाराच्या बायकोनं सांगितलं.

चाचीनं हारा खाली ठेवला. बराच वेळ सगळ्यांची तोंडं बघत राहिली, एकेकीचं. मग तेल मागितलं. खोबरेल कुणाकडं नव्हतं, करडईचं दिलं वाटीत.

एकेक जण समोर बसायची आणि हात पुढं करायची. मीही केला, सगळ्यांच्या मधे. ती तेल लावायची, अंगठ्याचं हाड आत दाबायची, आणि भरताना म्हणायची तेच म्हणायची, हात ढिल्ला सोड गे मा. दुखू दिलं नाही कुणाला. काढलेल्या बांगड्या सुपात टाकायच्या होत्या, आणि ते सूप आमचंच होतं, सारवलेलं. सकाळचं ऊन पारावरनं सरकून पिंपळाच्या बुंध्यावर आलं. सूप हिरव्या काचेनं भरत आलं. एक बांगडी फुटली नव्हती. बाप्ये चावडीच्या बाजूला उभे राहून बघत होते, काही पान लावत होते. ती फटकळ विधवा लांब उभी होती, तिच्या हातात काढायला काही नव्हतं, आणि तोंडातही काही उरलं नव्हतं.

सगळ्यात शेवटी अक्का. तिला सातवा संपत आलेला. हातापायावर सूज, बांगड्या मांसात रुतलेल्या. चाचीनं तिचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मग सासूबाईंकडं वळली.

"भाबी, हिच्या राहू दे. सुजलाय हात. पोर झाल्यावर काढते मी, येऊन काढते."

सासूबाई म्हणाल्या, "काढ."

चाचीनं तेल ओतलं. लई हळू काढत होती ती. पहिली निघाली, दुसरी निघाली, अक्काच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं पण ती हात मागं घेत नव्हती. मधली एक हाडावर आली आणि तडकली. अक्काच्या मनगटावर रक्ताची रेघ उठली, एवढीशी.

सासूबाई पुढं झाल्या. ते बांगड्यांनी भरलेलं सूप उचललं, पालथं केलं, सगळी काच फरशीवर खळाळून गेली. जी फुटायला नको म्हणून सकाळपासून एवढं चाललं होतं ती. त्यांना त्याचं भान नव्हतं. शेजारच्या बाईच्या हातातली काठी घेतली आणि पालथ्या सुपावर मारली.

"माझ्या लेकराचं वाईट केलंस," म्हणाल्या. "नीघ."

चाची उठली. तेलानं भरलेले हात तिनं लुगड्याला पुसले. मी अक्काला धरून उभी होते, त्यामुळं मला ऐकू आलं ती काय म्हणाली ते. मोठ्यानं नाही म्हणाली, सासूबाईंनाच म्हणाली.

"तवाच मला देऊन टाकायचं होतंस, भाबी."

सासूबाईंनी पुन्हा सुपावर काठी मारली. आणि मग बाया घरोघर पळाल्या आणि सुपं घेऊन आल्या. कचेरीसाठी काढून ठेवलेली सुपं ती, सारवून तयारच होती. अख्खा गाव वाजायला लागला. मी अक्काला घरात आणलं, मनगटावर हळद दाबली. अक्का म्हणाली, दार लाव. मी दार लावलं तरी आवाज येतच होता, आधी पारावरनं, मग खालच्या आळीतनं, मग ओढ्याकडनं. अवदसेला काढताना मागं बघायचं नसतं आणि तिला परत बोलवायचं नसतं. गावाच्या शिवेपर्यंत वाजवत गेल्या. हारा पारावरच राहिला. पोरांनी त्यातल्या मण्यांचे खेळ केले.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं दुकान उघडलं. घराघराला थोडं थोडं धान्य मापून दिलं. वरून आलं म्हणाला. बाया त्याच सुपांत घेऊन आल्या, आणि म्हणाल्या, माणूस तसा वाईट नाही. भूमच्या बाजारचा दिवस आला आणि गेला. वरच्या गावच्या बायाही निघाल्या नाहीत, त्यांना निरोप द्यायला कुणी गेलंच नाही. मोकळ्या हातांवर सगळ्यांनी हळदीचा दोरा बांधला होता, मग दुकानदाराच्या गाडीतनं बार्शीहून बांगड्या आल्या. पोती घेऊन गेलेली गाडी बांगड्या घेऊन आली. सगळ्या अडीचच्या. कोपरापर्यंत सरकायच्या आणि भाकरी थापताना पिठात पडायच्या. घट बसायच्या आतच तिकडं लढाई थांबलीसुद्धा. रेडिओवर पुन्हा चिमण्या बसायला लागल्या.

आता तुझ्या आजोबांचं सांगते. मार्गशीर्षात तुझा बाप झाला, आणि माघात ते रजेवर आले. धड आले, अंगावर ओरखडा नाही. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, बघा, अवदसा काढली म्हणून माझं लेकरू आलं. गावाला पटलं. ते न येते तर चाचीनं खाल्लं म्हणाले असते, आले तर तिला हाकललं म्हणून आले. ह्यातनं तिनं सुटायचं कसं, सांग. तू कॉलेजात शिकतेस.

तुझ्या आजोबांनी वरल्या मुलखातनं अक्कासाठी बांगड्या आणल्या होत्या. लाल, आत सोनेरी वर्ख. त्यांच्या आठवणीतलं माप अडीचचं, लग्नातलं. बाळंतपणानं आणि त्या सालच्या खाण्यानं अक्काच्या हाताची काडी झालेली. घातल्या की नुसत्या घरंगळून यायच्या. ते हसत म्हणाले, चाचीला बोलवा, ती बसवेल काहीतरी करून. लहानपणी ते चाचीच्या ओसरीवर काचेचे तुकडे मांडत बसायचे; त्यांच्या हातात काच जाऊ नये म्हणून ती कडा घासून द्यायची. मग धाकट्या भावानं परसात नेऊन सांगितलं.

ते जेवले नाहीत त्या दिवशी. आईला एक शब्द बोलले नाहीत, त्या काळी बोलत नसत. पण भूमच्या बाजारच्या दिवशी गणवेश घातला आणि अक्काला म्हणाले, चल. लेकरू होतं म्हणून मलाही घेतलं. एसटीत लोक उठून त्यांना जागा देत होते.

चाची बाजाराच्या टोकाला भिंतीच्या कडेला बसली होती. नवा हारा, त्यात मूठभर माल. आम्ही समोर जाऊन उभे राहिलो. तिनं आधी बूट बघितले, मग गणवेश, मग वर तोंड केलं. आणि हाऱ्यावरचं फडकं काढलं, बांगड्यांच्या माळा एकेक बाहेर ठेवल्या, हारा पालथा करून दाखवला, आणि कमरेची पिशवी सोडून पुढं केली.

आजोबा खाली बसले. म्हणाले, "चाची, मी आहे. ओळखलं न्हाईस?"

"ओळखलं गा," ती म्हणाली. "म्हणून म्हणते, तपासून घे."

लढाईवरनं आलेला माणूस तो, बाजारात उकिडवा बसून राहिला. अक्कानं तुझ्या बापाला माझ्याकडं दिलं आणि आपला हात चाचीपुढं धरला, त्या लाल बांगड्या दुसऱ्या हातात. चाचीच्या बोटांनी तो हात धरला. सवयच ती, बोटं आपोआप गेली. दाबून बघितला, मनगटावरचा व्रण अंगठ्यानं चाचपला. मग हात उचलून अक्काच्या मांडीवर परत ठेवला, एखाद्याची चुकून घेतलेली वस्तू ठेवावी तसा.

"ह्या हाताचं माप माझ्याकडं न्हाई," म्हणाली आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडं वळली.

लेकराकडं तिनं बघितलं नाही. मी त्याला मुद्दाम तिच्या बाजूनं धरलं होतं.

त्यानंतर ती भूमला दिसायची, मग परांड्याकडं गेली म्हणाले, मग दिसेनाशी झाली. तिच्या घराचं काय झालं? दुकानदारानं दार बसवलं आणि पोती ठेवायला घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात लोक लाल मिलोसाठी, अमेरिकेच्या त्या लाल ज्वारीसाठी, रांगेत उभे राहून चक्कर येऊन पडत होते, आणि त्या घराच्या फटीतनं ज्वारीचा वास यायचा. आडाची वाट तिथनंच जाते. बाया घागरी घेऊन जायच्या, वास घ्यायच्या आणि खाली बघून चालायच्या. एकदा कुणीतरी सुपांची आठवण काढली. फटकळ विधवाच होती ती. दुकानदारानं रस्त्यातच तिला गोड आवाजात विचारलं, काय बाई, तुमचा एक भाऊ तिकडं हैदराबादेकडं असतो ना, त्याचं काय चाललंय? एवढंच विचारलं. ती आडावर पुन्हा कधी बोलली नाही. सगळ्यांना कळलं होतं, की सूप कुणाच्याही मागं वाजू शकतं, आणि वाजवणारे हात आपल्याच गल्लीतले असतात.

तुझ्या पुस्तकात ह्याला काहीतरी मोठं नाव असेल. राजा काय करतो, दिल्ली काय करते, ते तुझे मास्तर सांगतील. मला एवढंच ठाऊक आहे की त्या साली आमचं भांडण दुकानदाराशी होतं, पोटाचं भांडण, आणि आम्ही निघालोही होतो. लढाई शेकडो कोस लांब होती. तिचा एक गोळा आमच्या शिवारात पडला नाही. पण तिचं नाव घेऊन एका गोड बोलणाऱ्या माणसानं आमचं तोंड धरून दुसरीकडं वळवलं, जनावराचं वळवतात तसं, आणि आम्ही वळलो. तुझी पणजी वाईट होती असं लिहू नकोस. चांगली होती असंही लिहू नकोस. गंजीपुढं बसणारी बाई तीच आणि सुपावर पहिली काठी मारणारीही तीच. तिला कधी वाईट वाटलं का, ह्याची मी तिच्या शेवटापर्यंत वाट बघितली. वाटलं नाही. मरायच्या आधीही म्हणत होती, काढली म्हणून आला.

अक्कानं त्या लाल बांगड्या कधी घातल्या नाहीत. पुढं खाणंपिणं सुधारलं, हात भरला, अडीचचं माप पुन्हा आलं, तरी नाही घातल्या. जाताना माझ्याकडं दिल्या. माझ्या ट्रंकेत आहेत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात. वर्ख थोडा गेलाय, पण एक तडकलेली नाही.

तेव्हा पोरी, हे वाचलंस की कपाटात टाकू नकोस, एसटीत बस. फाट्यापासनं आता रस्ता पक्का झालाय, चिखल तुडवावा लागत नाही. तुझा हात बापासारखा रुंद आहे का अक्कासारखा, मी नीट बघितलेलासुद्धा नाही, तू नुसता फोन धरून बसलेली असतेस. ये लवकर. तेल मी खोबऱ्याचंच काढून ठेवते. तुला होतात का बघू.